बिनचालकी ट्रकचा चालक

काळाच्या पुढे निदान एक पाऊल टाकल्यावाचून मनुष्यजन्माचे सार्थक होत नाही, असे मास्तरांचे निवृत्तीनंतर बनलेले मत होते. ते पाऊल टाकताना पत्नीची पाच शिवणयंत्रे सोबत घ्यावी लागतील, हा भाग त्या मतात प्रारंभी नव्हता. तो ओघाने आला.

मास्तर म्हणजे पोस्टमास्तर. चौतीस वर्षे त्यांनी टपालाची सेवा केली, आणि तेवढ्या काळात त्यांच्या खिडकीतून असा एकही अर्ज आत गेला नाही, ज्यातील एखादा रकाना रिकामा होता. पडलेल्या दाताच्या जागी जीभ पुनःपुन्हा जावी, तशी त्यांची दृष्टी रिकाम्या रकान्याकडे जात असे. त्यांच्या पत्नीस सर्व लोक बाई म्हणत, कारण त्या शिवणवर्ग चालवीत. आता लेकीच्या गावी बिऱ्हाड न्यायचे ठरले होते, आणि बाईंची अट एकच होती. वर्ग बंद पडता कामा नये.

तिकडे एका वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावरील सभागृह मिळालेही होते. परंतु तेथील मंडळाने स्वच्छ अक्षरांत कळविले होते, की ठरल्या तारखेस सायंकाळी सहाच्या आत यंत्रे सभागृहात आलेली दिसली तरच जागा शिवणवर्गाची. न दिसल्यास ती यादीतील पुढील अर्जदाराची, म्हणजे एका नृत्यशिक्षिकेची. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या वर्गाला अकरा मुलींनी नावे घातली होती. बाईंना आताशा कोणत्याही घड्याळात सहाच वाजलेले दिसत.

घरचे इतर सामान आधीच गेले होते. वर्ग अखेरच्या दिवसापर्यंत चालू ठेवल्यामुळे यंत्रे तेवढी मागे राहिली होती. अशा वेळी चारचौघे करतात तसा ओळखीचा टेम्पो सांगून मोकळे व्हावे, तर मास्तरांच्या वाचनात नेमकी ती जाहिरात आली. एक मालवाहतूक कंपनी महामार्गावर चालकाविना चालणारे ट्रक सोडणार होती, आणि प्रायोगिक फेऱ्यांसाठी तिला 'सुजाण ग्राहक' हवे होते. सुजाण या शब्दाने मास्तरांचा घात केला.

"त्याला झोप येत नाही," मास्तरांनी बाईंना समजावले. "राग येत नाही. फोन येत नाही. पुढच्याशी शर्यत लावावी असं वाटत नाही. अपघात होतात ते माणसामुळे. माणूसच काढून टाकला की राहतो निव्वळ प्रवास. कसली म्हणून घाई नसते त्याला."

बाई काजे करीत होत्या. त्यांनी दोरा दाताने तोडला.

"पोचायची तरी असते का?"

मास्तरांनी जाहिरातीची घडी करून ती खिशात ठेवली. विज्ञानाच्या मार्गात असे प्रश्न पूर्वीपासून येत आले आहेत.

बातमी इमारतीत पसरली, आणि सल्ले येऊ लागले. सल्ला ही एकच वस्तू अशी आहे, की जी न मागताही घरपोच येते आणि जिच्यासाठी टपालखात्याची गरज पडत नाही. खालच्या मजल्यावरील औषधविक्रेत्याने सुचविले, की ट्रकच्या आसनावर मास्तरांचा जुना कोट आणि टोपी बसवून ठेवावी, म्हणजे इतर वाहनांना आधार वाटेल. समोरच्या घरातील निवृत्त बसचालक तर जेवण झाल्यावर मुद्दाम येऊन बसला.

"चाक फिरवणं म्हणजे गाडी चालवणं नव्हे, मास्तर," तो म्हणाला. "आरशात बघायचं असतं. मागून येणारा शहाणा आहे की वेडा, हे एका नजरेत कळावं लागतं. ते याला कळेल का?"

"तुमच्यापेक्षा लवकर कळेल," मास्तर म्हणाले. "त्याला मागे चार डोळे आहेत."

"डोळे मलाही होते हो. पण वेडा ओळखायला तीस वर्षं लागली."

ठरल्या दिवशी सकाळी आठ वाजता यंत्रे शहराबाहेरील मालतळावर पोहोचली. बाईंचे धाकटे बंधू आपली पांढरी मोटार घेऊन आले होते, ते दोघांना लेकीच्या गावी सोडणार होते. हे मेहुणे विमा प्रतिनिधी असल्यामुळे कोणत्याही वाहनाकडे ते भावी अपघात या नजरेनेच पाहत. ट्रक मात्र त्यांनाही आवडला. ताडपत्रीच्या भिंतींचा, स्वच्छ धुतलेला, कपाळावर आणि दोन्ही गालांवर कॅमेरे लावलेला तो ट्रक शाळेच्या पहिल्या दिवशी नटवून आणलेल्या मुलासारखा उभा होता. आत चालकाचे आसन होते, त्यावरचे प्लास्टिकही काढलेले नव्हते. पाचही यंत्रे पट्ट्यांनी घट्ट बांधली गेली. मास्तरांनी ट्रकच्या बाजूवर हळूच थाप मारली. अंतर दोनशे चाळीस किलोमीटर. दुपारी दीडपर्यंत पोहोचणार. सहा वाजायला मग चांगले साडेचार तास उरतात, असा हिशेब करून बाईंनीसुद्धा कितीतरी दिवसांनी एक कप चहा पूर्ण प्यायला.

आणि मग ट्रक फाटकाजवळच्या सरकारी नाक्यावर आला.

नाक्यावरील कारकुनाने परवाना वरपासून खालपर्यंत वाचला. मास्तरांना तो मनुष्य पाहताक्षणी आवडला. अशी माणसे आता राहिली नाहीत, असे त्यांना वाटले. कारकुनाचे बोट एका ठिकाणी थांबले.

"इथे चालकाची सही नाही."

"या ट्रकला चालक नसतो," मास्तर सौजन्याने म्हणाले.

"ते मला दिसतंय. पण रकाना आहे."

"कंपनीची माणसं काय करतात अशा वेळी?"

"पहिलीच फेरी आहे. ती माणसं वर विचारायला गेलीत. वरची माणसं त्यांच्या वर विचारतील." कारकुनाने परवाना बाजूला ठेवला. "गाडी नवी निघाली, परवाना जुनाच आहे. रकाना रिकामा ठेवून मी शिक्का मारू शकत नाही. तुम्हीच सांगा, माराल का तुम्ही?"

हा प्रश्न त्याने अन्य कोणासही विचारला असता तर पुढील सर्व प्रसंग टळला असता. मास्तर प्रामाणिकपणे म्हणाले, "नाही मारणार."

साडेनऊ वाजले. बाई मोटारीतून उतरून जवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी मनगट वळवून घड्याळ पाहिले. मास्तरांसमोर तो कागद होता आणि त्या कागदावर तो रकाना होता, पांढरा, दीड इंच लांब. त्यांचा हात खिशाकडे गेला, लेखणी निघाली, आणि चौतीस वर्षांची सवय म्हणा किंवा पत्नीप्रेम म्हणा, 'चालक' या शब्दापुढे मास्तरांची वळणदार सही उमटली.

कारकुनाने शिक्का मारला. मास्तर वळले, तोच त्याने हाक मारली.

"चालक, एक मिनिट."

मास्तरांनी मागे कोण आहे ते पाहिले. मागे कोणी नव्हते.

"तुम्हालाच म्हणतोय. आता तुम्ही या गाडीचे चालक. कलम नऊ. मुक्कामाला पोचेपर्यंत चालकाने वाहन नजरेआड होऊ द्यायचं नाही. वाटेत भरारी पथकाने विचारलं आणि चालक जागेवर नसला, तर माल जप्त."

"पण आत बसायला कंपनी परवानगी देत नाही."

"मागून जा ना," कारकून समजुतीच्या स्वरात म्हणाला. "दिसलात म्हणजे झालं."

अशा रीतीने ज्याला चालकाची आवश्यकता नाही असा ट्रक पुढे, आणि ज्यांना सायकलखेरीज काही चालवता येत नाही असे त्याचे चालक मागे, अशी ती मिरवणूक महामार्गाला लागली. मेहुणे मोटार हाकत होते. बाई मागील आसनावर होत्या.

पहिले वीस किलोमीटर सुखाचे गेले. ट्रक पासष्टच्या वेगाने, रुळावरून चालल्यासारखा सरळ चालला होता. मग एका वळणावर दुधाचा टँकर मध्ये घुसला आणि ट्रक दिसेनासा झाला. मास्तरांचे तोंड उतरले.

"जवळ घ्या," ते मेहुण्यांना म्हणाले. "नजरेआड होता कामा नये."

मेहुण्यांनी टँकर मागे टाकून ट्रकच्या पाठीमागे मोटार नेऊन चिकटवली. आता मध्ये एखादे मांजरही शिरले नसते. मास्तरांना हायसे वाटले. मात्र ट्रकच्या पाठीवरच्या चार डोळ्यांना काय वाटले, याचा विचार त्यांच्या मनात आला नाही.

कोणतेही वाहन मागून फार जवळ आले, की आपण वेग किंचित कमी करावा, म्हणजे त्यास पुढे जाता येईल, अशी त्या ट्रकला शिकवण होती. शिकवण उत्तम होती. ट्रकने वेग कमी केला. मेहुण्यांनीही केला. ट्रकने पाहिले की मागचा अद्याप जवळच आहे, म्हणून त्याने आणखी कमी केला. मेहुण्यांनीही आणखी कमी केला. दोन अतिशय सभ्य माणसे दारात 'आधी आपण' म्हणत उभी राहावीत, तसा हा प्रकार होता; भेद एवढाच, की त्या दारामागे साऱ्या महामार्गाची वाहने खोळंबली होती. साठाचे पन्नास झाले, पन्नासाचे चाळीस.

"दाजी, हा दमला की काय?" मेहुण्यांनी विचारले.

"सावधगिरी आहे ती. वजनाचा अंदाज घेत असेल."

"दोन तास अंदाजच घेतोय."

थोड्या वेळाने गवत भरलेला एक ट्रॅक्टर त्यांना ओलांडून गेला. ट्रॅक्टरवाल्याने जाताना मास्तरांकडे सहानुभूतीने पाहिले. वास्तविक मास्तरांनी आयुष्यात अनेक गोष्टी सोसल्या होत्या, पण ट्रॅक्टरवाल्याची सहानुभूती हा अनुभव नवीन होता. बारा पन्नासला ट्रकने डाव्या बाजूचा दिवा उघडझाप करीत रस्त्याची कड धरली आणि तो शांतपणे थांबला. मेहुणेही त्याच्यामागे थांबले. पंचाण्णव किलोमीटर उरले होते.

ट्रकच्या पाठीवर 'माझे चालणे कसे वाटते? कळवा' असे लिहून खाली क्रमांक दिला होता. मास्तरांनी तो फिरविला. पलीकडे नियंत्रण कक्षातील एका स्त्रीचा आवाज आला, गोड आणि अत्यंत स्थिर.

"ट्रक सुरक्षित आहे, साहेब. त्याच्या मागे बराच वेळ एक पांढरी गाडी आहे. ती पुढे जावी म्हणून तो थांबलाय."

"ती पांढरी गाडी आमचीच आहे."

"मग आपण पुढे का जात नाही?"

"मला जाता येत नाही. मी चालक आहे."

"कशाचे?"

"ट्रकचे."

पलीकडे कळफलकाची टकटक झाली.

"साहेब, या ट्रकला चालक नाही. त्याचसाठी तर तो केलाय."

"माझी सही आहे," मास्तर म्हणाले.

"असेल. पण मागे अनिश्चित वाहन असताना मी ट्रक हलवू शकत नाही."

"अनिश्चित म्हणजे?"

"ज्याचा हेतू कळत नाही असं."

मास्तर फोन हातात धरून उभे राहिले. मनीऑर्डरी, विमापत्रे, लोकांची गुपिते चौतीस वर्षे ज्यांच्या हातून गेली, त्यांच्या हेतूविषयी शंका घेतली होती ती एका ट्रकने. मेहुणे मोटारीवर डोके टेकून हसत होते. बाई हसल्या नाहीत.

"अहो, आपण पुढे गेलो तर तो निघेल ना?" त्यांनी विचारले.

"निघेल. पण कलम नऊ आहे. पथकाने गाठला तर मशीन जप्त."

"आणि इथे थांबलो तर सहा वाजतील."

मास्तरांनी रस्त्याकडे पाहिले. दोन्ही बाजूंनी नियम होता. टपालात असताना एका वेळी एकच नियम असे, आणि तो त्यांच्या बाजूचा असे. त्यांनी नाक्यावर फोन लावला. नाक्याची जेवणाची सुट्टी दोनपर्यंत होती, आणि कारकून दोनला एक मिनिट असताना फोन उचलणाऱ्यांपैकी नव्हता. मास्तरांना तो मनुष्य आता तितकासा आवडत नव्हता. बाई रस्त्याच्या कठड्यावर बसून राहिल्या. त्यांच्या हाती सुई होती, मांडीवर एक अर्धवट झबले होते, पण टाका काही पडत नव्हता. ते पाहिल्यावर मास्तरांना आपल्या सुजाणपणाची प्रथमच मनापासून लाज वाटली.

दोन वाजून दोन मिनिटांनी कारकून म्हणाला, "चालकाला मध्येच सोडता येतं की. राजीनामा लिहा. फक्त अर्ज वाहनासोबत राहिला पाहिजे. मग तुमचा संबंध संपला, कलम नऊही संपलं. हे सकाळीच विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

मास्तरांनी मोटारीच्या टपावर कागद ठेवून अर्ज लिहिला. 'प्रकृती आणि परिस्थिती या दोन्ही कारणांस्तव उपरोक्त वाहनाचे चालकपद सोडीत आहे. माझ्या कारकिर्दीत वाहनास कोणतीही इजा झालेली नाही.' ट्रकचे दार कुलूपबंद असल्यामुळे त्यांनी तो पुढच्या काचेवर पुसणीखाली अडकविला, आणि एक पाऊल मागे सरून, निरोप समारंभात उभे राहतात तसे, क्षणभर उभे राहिले. फोन वाजला.

"साहेब, पुढच्या काचेवर काही आहे का? ट्रकला समोर भिंत दिसतेय."

"माझा राजीनामा आहे."

"तो काढावा लागेल."

मास्तरांनी राजीनामा काढला. आता तो ठेवायचा कुठे? मागील दाराला कंपनीची मोहोर होती, तिला हात लावणे गुन्हा. चाकात खोचावा तर उडून जाणार. मेहुण्यांनी च्युइंगमने चिकटविण्याची तयारी दाखविली, परंतु सरकारी कागदाचा असा अवमान मास्तरांना रुचेना. तेव्हा बाई कठड्यावरून उठल्या. त्यांनी कागद मास्तरांच्या हातून घेतला, चारपदरी दोरा ओवला, आणि ताडपत्रीच्या कडेशी, कॅमेरा नाही अशी जागा पाहून, तो शिवायला घेतला.

फोन पुन्हा वाजला.

"साहेब, ट्रकला खेटून कुणीतरी उभं आहे."

"माझी पत्नी आहे."

"त्या काय करतायत?"

"शिवतायत."



"मी तशी नोंद घेते," आवाज म्हणाला.

बाईंनी आठ टाके घातले, गाठ मारली, कागद ओढून पाहिला. हलेना. "बसा," त्या म्हणाल्या, आणि सगळे मोटारीत बसले.

ट्रकला ओलांडून जाताना मास्तरांनी खिडकीतून मागे पाहिले. ट्रक होता तसाच उभा होता. लहान होत होत तो काडेपेटीएवढा झाला आणि मग दिसेनासा झाला. चार किलोमीटरवर पेट्रोल पंप होता. तिथल्या चहाच्या टपरीसमोर, जिथून रस्ता दिसेल पण रस्त्याला आपण दिसणार नाही अशा बेताने, ते तिघे बाकावर बसले. दहा मिनिटे गेली. पंधरा गेली. मास्तरांना राहून राहून वाटू लागले, की त्या निवृत्त बसचालकाला बरोबर आणायला हवे होते.

"नाहीच आला तर?" त्यांनी हळूच विचारले.

"तर नाचू द्या त्या बाईला," बाई म्हणाल्या. त्यांनी झबल्याची घडी घातली. "मी घरीच शिकवीन दोघी-तिघींना."

आणि तेवढ्यात तो आला. पासष्टच्या वेगाने, आपल्या बाजूने, ना इकडे ना तिकडे. आसन रिकामे, चाक आपल्याआपण कणभर हलते आहे, आणि ताडपत्रीवर राजीनामा फडफडतो आहे. असा तो समोरून निघून गेला. मेहुणे मोटारीची किल्ली घेऊन उठले.

"कुणी जागचं हलायचं नाही," बाई म्हणाल्या. "त्याला जाऊ दे पुढे. घाबरतो तो."

त्यांनी सर्वांना आणखी एक चहा पाजला.

पलीकडच्या मालतळावर साडेचारला ते पोहोचले, तेव्हा ट्रक रांगेत लागला होता. मोहोर फोडली गेली. पाच यंत्रांवर ओरखडाही नव्हता. एका यंत्राच्या खणातील सुट्या सुयादेखील जशाच्या तशा होत्या. मास्तरांची छाती थोडी वर आली. ती तशीच राहिली असती, पण तळावरच्या माणसाने सांगितले, की ट्रक इथवरच येतो. गावातले चार किलोमीटर आणि वाचनालयाचा जिना हे त्याच्या शिकवणीत नाही.

त्या चार किलोमीटरसाठी एक टेम्पो मिळाला. त्याच्या चालकाने यंत्रे पाहिली, सुतळीचे एक वेटोळे टाकले आणि एका हाताने चाक धरून निघाला. दुसऱ्या हातात फोन होता. मास्तर त्याच्या शेजारी बसले होते.

"फोनवर बोलता गाडी चालवताना?" त्यांनी विचारले.

"बोलत नाही, ऐकतो. बायको बोलते." त्याने एक खड्डा चुकविला, दुसरा चुकविला नाही. मागे पाचही यंत्रे एकदम उडून खाली बसली. "तुम्ही घाबरता का गाडीत?"

"मी निवृत्त चालक आहे," मास्तर डोळे मिटून म्हणाले.

पाच पस्तीसला टेम्पो वाचनालयापुढे थांबला. जिन्याला वीस पायऱ्या होत्या, आणि पायाने चालवायच्या त्या यंत्रांचे सांगाडे बिडाचे होते. वरच्या बोळात बाकावर नृत्यशिक्षिका मांडीवर ध्वनिक्षेपक घेऊन बसल्या होत्या, आणि सभागृहाच्या दारात वाचनालयाचा शिपाई घड्याळाखाली उभा होता. पहिले यंत्र टेम्पोवाला आणि मेहुणे घेऊन गेले. दुसरे मास्तर आणि बाई. तिसऱ्याच्या वेळी मास्तरांच्या कमरेतून असा आवाज आला, की मेहुण्यांनी यंत्र तपासले. चौथे वर गेले तेव्हा सहाला सहा मिनिटे होती. पाचव्याला चौघांनी चार बाजूंनी धरले. नृत्यशिक्षिकांनी वाटेतले पाय वर घेतले, एवढे सहकार्य त्यांनी केले. सहाला एक मिनिट असताना पाचवे यंत्र उंबरठ्याच्या आत टेकले. शिपायाने घड्याळ पाहिले, यंत्रे मोजली, आणि किल्ली बाईंच्या हाती दिली. नृत्यशिक्षिका उठल्या, ध्वनिक्षेपक काखेत मारला आणि निघून गेल्या.

मास्तर भिंतीला टेकून खालीच बसले. मेहुणे जिन्यावर आडवे झाले होते. टेम्पोवाला शर्टाने तोंड पुसत होता, आणि त्याच्या फोनमधून अद्याप त्याची बायको बोलत होती. बाईंनी एका यंत्रासमोर स्टूल ओढले, झबल्याचा तुकडा सुईखाली सरकविला आणि पायाखालचे पेडल हलविले. टीप सरळ, एकसारखी उमटली. त्यांनी ती बोटाने चाचपून पाहिली.

शिपाई खिडकीतून खाली वाकून बघत होता.

"तळावर ते नवे ट्रक आलेत म्हणे," तो म्हणाला. "तुमचं सामान त्यातूनच आलं ना? आता म्हणे माणसं लागतच नाहीत."

"नाही लागत," बाई दोरा तोडत म्हणाल्या. "आम्ही आपले सहज आलो होतो."